धरून की सोडून

परभणीत राहून सॉफ्टवेअरचं काम करते असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पुण्याला का गेली नाहीस, हा पहिला. आमचा प्रिंटर चालेना झालाय, बघतेस का, हा दुसरा. पहिल्याला मी उत्तर देत नाही. दुसऱ्याला 'ते माझं काम नाही' म्हणते आणि मग जाऊन प्रिंटर बघून येते. तोंडाने नाही म्हणायचं आणि पायांनी निघायचं, असा माझा स्वभाव आहे.

काम घरातूनच चालतं. पुढच्या खोलीत माझं टेबल आणि टेबलाशेजारी बाबांची खुर्ची. बाबा वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांची सेवापुस्तकं लिहिली: कोण कधी रुजू झालं, कोणाची बदली कधी झाली, कोणी किती रजा घेतली. आम्ही मूळचे झरीचे. आमच्या वस्तीतून सरकारी कचेरीत टेबल मिळालेला पहिला माणूस म्हणजे बाबा. त्यामुळे गावच्या विहारात कार्यक्रम असला की अजूनही त्यांना दोन शब्द बोलायला उभं करतात, आणि ते दोनावर कधी थांबत नाहीत. निवृत्तीनंतर लिहायला काही उरलं नाही, म्हणून ते माझा स्क्रीन वाचतात.

तीनेक वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेचं काम माझ्याकडे आलं. झरी, मानवत, सोनपेठ अशा ठिकठिकाणी संस्थेच्या शाळा. सगळ्या शिक्षकांची सेवापुस्तकं संगणकावर घ्यायची आणि एका बटणावर सेवाज्येष्ठता यादी काढून द्यायची, एवढं काम. ज्याची सलग सेवा जास्त तो यादीत वर. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली की यादीतला पहिला माणूस तिथे बसतो. म्हणजे यादी बिनचूक हवी, आणि बिनचूकपणाचा मला तेव्हा फार गर्व होता.

नोकरीच्या नोंदी म्हणजे शेवटी सगळे कालावधीच. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत या शाळेत, पुढे त्या शाळेत. अशा नोंदींसाठी डेटाबेसमध्ये एक सोय असते. 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा सुट्या ठेवण्याऐवजी तो अख्खा कालावधी एकच वस्तू म्हणून ठेवता येतो. मग दोन कालावधी एकमेकांवर चढले का, त्यांच्यात फट पडली का, हे डेटाबेस स्वतःच सांगतो. फक्त एक गोष्ट आधी ठरवावी लागते. टोकाच्या तारखा धरायच्या की सोडायच्या? आणि वापरणाऱ्याने काहीच सांगितलं नाही तर काय समजायचं? या न सांगता समजून घेण्याला आमच्या धंद्यात डिफॉल्ट म्हणतात.

मी ठरवलं की पहिली तारीख धरायची, शेवटची सोडायची. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, डेटाबेस मुळातच असं धरून चालतो, आणि त्यात शहाणपण आहे. दोन शेतांच्या मधला बांध दोघांनीही आपला म्हटला तर भांडण होतं, आणि दोघांनीही नाही म्हटला तर त्यावर गवत माजतं. बांध नेहमी पुढच्याचा, असं एकदा ठरवून टाकलं की प्रश्न मिटला. तसंच तारखांचं. एक कालावधी पंधरा तारखेला संपतो आणि दुसरा पंधरालाच सुरू होतो, पंधरा तारीख दुसऱ्याची. फट नाही, भांडण नाही. मला हे इतकं नेटकं वाटलं की मी आईलासुद्धा समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दळण आणायला पाठवलं.

फॉर्मवर मी दोन रकाने ठेवले, 'पासून' आणि 'पर्यंत'. 'पर्यंत' या रकान्यात शेवटच्या दिवसाच्या पुढची तारीख टाकायची, हे मी माहितीपुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर लिहिलं. माहितीपुस्तिकेचं दुसरं पान आजवर कोणी वाचलंय का, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

बाबांनी मात्र स्क्रीनकडे बघून विचारलं होतं, "म.पू. आन् म.नं. कुठं लिहायचं?"

मध्यान्हपूर्व आणि मध्यान्हनंतर. कचेरीच्या प्रत्येक आदेशात तारखेपुढे कंसात ही अक्षरं असतात. माणूस चौदा तारखेला म.नं. कार्यमुक्त झाला म्हणजे चौदा तारखेला त्याने काम केलं, तो दिवस जुन्या जागेचा. म.पू. कार्यमुक्त झाला म्हणजे तो दिवस तिथला नाही. मी लहानपणापासून ही अक्षरं बघत आले होते, आणि मला ती कारकुनी नक्षी वाटायची, लग्नपत्रिकेवरच्या वेलबुट्टीसारखी. मी म्हटलं, बाबा, आता ते लागत नाही, आपोआप होतं.

"आपोआप कसं व्हईल," बाबा म्हणाले. "दिवस कुणाच्या नावावर हाय ते कुणीतरी सांगाया लागंल की."

मी सांगितलं की डेटाबेस सांगतो. ते गप्प बसले. बाबांचं गप्प बसणं हे पटल्याचं लक्षण नसतं, एवढं कळण्याइतकी मी त्यांच्याबरोबर राहिलेय, पण कामाची घाई होती.

दुसरी खूण सोनपेठच्या शाळेतल्या लिपिकभाऊंनी दिली. त्यांचा फोन आला की एका सरांना एकच दिवस निवडणुकीच्या कामाला पाठवलं होतं, त्याची नोंद होत नाही. 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन्ही रकान्यांत एकच तारीख टाकली की स्क्रीनवर 'कालावधी रिकामा आहे' असं येतं. ते वाक्य मीच लिहिलेलं. शेवटची तारीख सोडायची म्हटल्यावर, आजपासून आजपर्यंत म्हणजे काहीच नाही, हे गणिताने बरोबर आहे. मी म्हटलं, 'पर्यंत'मध्ये दुसऱ्या दिवसाची तारीख टाका. ते म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी तर सर शाळेत होते. मी म्हटलं, टाका तुम्ही. भल्या माणसाने टाकली. बाकी सगळ्या नोंदी त्यांनी आणि जिल्ह्यातल्या सगळ्या लिपिकांनी सेवापुस्तकात बघून जशाच्या तशा उतरवल्या होत्या, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सोनपेठच्या मुख्याध्यापकांची जागा मागच्या उन्हाळ्यात रिकामी झाली. जूनमध्ये संस्थेने माझं बटण दाबलं, यादी निघाली, नोटीस बोर्डावर लागली. खाली ओळ होती: हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे.

महिनाअखेरीला एका दुपारी दारात एक बाई उभ्या राहिल्या. अंगावर सुती साडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली फाईल. सोनपेठहून एसटीने आल्या होत्या. आधी संस्थेच्या कार्यालयात गेल्या, तिथे त्यांना सांगितलं गेलं की यादी संगणकाने काढली आहे, ज्यांनी बनवलं त्यांना विचारा. म्हणून त्या पत्ता शोधत आल्या. मी बघताक्षणी ओळखलं. झरीच्या शाळेत सहावीला त्या मला गणित शिकवायच्या. त्यांनी मला ओळखलं नाही, आणि मी लगेच सांगितलंही नाही. काहीतरी बिनसलंय याचा अंदाज आला होता, आणि विद्यार्थिनी म्हणून पुढे व्हायचं धाडस होईना.

त्यांनी फाईल उघडून टेबलावर तीन आदेश मांडले. झरी, मग मानवत, मग सोनपेठ. तीस वर्षांत तीन शाळा, दोन बदल्या. यादीत पहिलं नाव त्यांचं असायला हवं होतं, ते नवव्या जागी होतं. पहिल्या जागी असे एक सर होते ज्यांची आयुष्यात बदलीच झाली नव्हती. दोन महिन्यांनी, ऑगस्टअखेर, बाई निवृत्त होणार होत्या.

मी त्यांची नोंद उघडली. झरीची सेवा चौदा तारखेपर्यंत, मानवतची पंधरापासून. मधे लाल अक्षरांत: सेवेत खंड, एक दिवस. मानवत ते सोनपेठ, पुन्हा लाल अक्षरं: सेवेत खंड, एक दिवस. खंड पडला की सलग सेवा पुन्हा पहिल्यापासून मोजायची, हा नियम संस्थेचा. त्यामुळे बाईंची सेवा सोनपेठच्या अकरा वर्षांचीच उरली होती. लिपिकांनी शेवटचा दिवस लिहिला होता, आणि माझ्या डिफॉल्टने तो निमूटपणे सोडून दिला होता.

"बेटा," बाई म्हणाल्या, "माझे दोन दिवस यात नाहीत. मी ते दिवस शिकवलंय."

आवाज चढलेला नव्हता. वर्गात उत्तर चुकलं की त्या असंच सांगायच्या, पायरी कुठे चुकली तेवढंच.

त्यातला पहिला दिवस मला पाठ होता. झरीतल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी मी दुसऱ्या बाकावर बसले होते. बाईंची बदली झाल्याचं आम्हाला सकाळीच कळलं होतं, आणि आज काही शिकवणार नाहीत या आनंदात आम्ही होतो. त्यांनी शेवटच्या तासाच्या घंटेपर्यंत अपूर्णांकांची बेरीज शिकवली आणि वर फळ्यावर गृहपाठ लिहिला. कोणीतरी म्हणालं, बाई, तुम्ही तर उद्या नाहीत. त्या म्हणाल्या, उद्या नसेन, आज आहे. तो गृहपाठ मी केला नाही. तपासणार कोण, म्हणून. आणि बावीस वर्षांनी तो अख्खा दिवसच मी त्यांच्या हिशोबातून पुसून टाकला होता. मला लाज वाटली. तेव्हा मी सांगितलं, बाई, मी तुमची झरीची विद्यार्थिनी. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि गणितात बरी होतीस, एवढंच म्हणाल्या. ते ऐकून आणखीच मेल्यासारखं झालं.

मी विचारलं, दोन महिन्यांसाठी ही खुर्ची एवढी हवी का? प्रश्न उद्धट होता, पण मला माझ्या चुकीचं माप घ्यायचं होतं. बाईंनी सांगितलं की खुर्चीचं त्यांना काही नाही. तीस वर्षं त्यांनी मुलं शिकवली, पण मुलांच्या कागदावर सही मुख्याध्यापकाची. शाळा सोडल्याचा दाखला घ्या, बोनाफाईड घ्या, शिकवणाऱ्याचं नाव त्यावर कुठेच नसतं. जाण्याआधी आपल्या मुलांच्या कागदावर आपल्या हातची सही असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. हक्काची जागा आहे म्हणून त्या मागायला आल्या होत्या, नसती तर आल्या नसत्या.

मी संस्थेच्या कार्यालयात फोन लावला. चूक माझी आहे, यादी दुरुस्त करून देते, असं सांगितलं. तिकडचे साहेब म्हणाले की दुरुस्ती करा, पण बाईंची लेखी हरकत आलेली नाही आणि पंधरा दिवस कालच संपले. आज सोळावा.

बाबा इतका वेळ खुर्चीत होते. त्यांनी विचारलं, सूचना कोणत्या तारखेला लागली. मी सांगितली. त्यांनी बोटाच्या पेरांवर मोजलं.

"तो दिवस सोडून मोजायचा," ते म्हणाले. "लावल्याचा दिवस तर वाचण्यातच जातोय माणसाचा. आज पंधरावा हाय. कागद आण."

पहिला दिवस सोडून, शेवटचा धरून. मुदत मोजायची कचेरीची रीत माझ्या डिफॉल्टच्या बरोबर उलटी होती, आणि ती चुकीचीही नव्हती. बाबांनी अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला, प्रत्येक तारखेपुढे कंसात म.पू., म.नं. घालून. कितीतरी दिवसांनी त्यांना लिहायला मिळालं होतं. मी बाईंना स्कूटीवर बसवून कार्यालयात नेलं आणि कार्यालय सुटायच्या आत अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला. साहेबांनी कॅलेंडर काढून पुन्हा मोजलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी मोजलंय. ते बाबांना ओळखत होते, त्यांनी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

त्या संध्याकाळी बाबा माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते पेपर उघडून वाचत राहिले. मीच बोलत बसले. म्हटलं, आपल्या भाषेचीच चूक आहे. 'पर्यंत' हा शब्दच लबाड. आई पाचवीपर्यंत शिकली म्हणतो तेव्हा पाचवी धरलेली असते. शाळा पाच वाजेपर्यंत म्हणतो तेव्हा पाचनंतरचा तास सोडलेला असतो. आठ दिवसांनी या म्हणतो आणि माणूस सातव्या दिवशी येतो, कारण आपण आजचाही दिवस धरतो नि त्याचाही. बाजार ते बाजार दिवस सात, आणि नाव आठवडा.

आई आतून म्हणाली, "समद्यांना कळतंय की. आठ दिवसांनी म्हणल्यावर कोण चुकलंय आजवर?"

कोणी चुकलं नव्हतं, हे खरं. बोलणाऱ्याला माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही, आणि नसलं तर तो विचारतो: सोमवार धरून की सोडून? माझ्या फॉर्मने तेवढंच विचारलं नव्हतं. काहीच न बोलणाऱ्याच्या वतीने मी परस्पर उत्तर देऊन टाकलं होतं, आणि भाषेला दोष देणं म्हणजे नाचता येईना त्यातली गत. हे मी आईला बोलून दाखवलं नाही, पण तिला कळलं असावं, तिने चहा दिला.

दुरुस्ती तासाभराची होती. माणूस 'पर्यंत'मध्ये जी तारीख टाकेल ती धरायची, आणि आत ठेवताना मीच ती एक दिवस पुढे सरकवायची. आत माझं नेटकं गणित, बाहेर लोकांची रीत. जुन्या नोंदी एकेक करून आदेशांशी ताडून बघितल्या, त्याला मात्र दहा दिवस लागले. खंड पडलेले आणखीही बरेच निघाले. त्यांच्यातल्या कोणाला बढतीशी देणंघेणं नव्हतं, म्हणून कोणी आलं नव्हतं. नवी यादी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात कार्यालयात दिली. बाई पहिल्या.

मला वाटलं, संपलं. पण यादी मंजूर करायला संस्थेची बैठक लागते. पहिली बैठक तहकूब झाली कारण पुरेसे सभासद आले नाहीत. दुसरी एका सभासदाच्या घरी सुतक पडल्यामुळे पुढे गेली. तोवर यादीतले आधीचे पहिले सर सोनपेठला प्रभारी म्हणून बसले होते, त्यांचाही काही दोष नव्हता. मी दर आठवड्याला कार्यालयात फोन करायचे, आणि तिथले लोक माझा नंबर ओळखून उचलायचे बंद झाले. जुलै गेला. ऑगस्टही संपत आला. जूनमध्ये यादी बरोबर निघाली असती तर बाईंना अडीच महिने मिळाले असते. हे अडीच महिने मी खाल्ले, असं मला वाटायचं, आजही वाटतं.

बैठक अखेर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात झाली आणि आदेश तीस तारखेला संध्याकाळी निघाला. बाईंनी एकतीसला म.पू. मुख्याध्यापक म्हणून रुजू व्हायचं. एकतीसलाच म.नं. त्या निवृत्त होणार होत्या.

मला वाटलं, त्या नकार देतील. मी दिला असता, आणि वर चार शब्द सुनावले असते. पण सोनपेठच्या लिपिकभाऊंचा फोन आला की बाईंनी मला निरोपाला बोलावलंय, सकाळीच या.

मी पहिल्या एसटीने गेले. शाळा भरलेली होती, परिपाठ नुकताच झाला होता आणि तो बाईंनी घेतला होता. कार्यालयात त्या मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसल्या होत्या, थोड्या पुढे सरकून, परीक्षेला बसल्यासारख्या. प्रभारी सरांनी किल्ल्या आणि शिक्का त्यांच्यापुढे ठेवला. लिपिकभाऊ माझ्याकडे बघून चुळबुळ करत होते. मला बाजूला बोलावून म्हणाले, "मॅडम, नोंद घेईना झालंय. सकाळपासून टाकायलोय."

मी त्यांच्या स्क्रीनवर बघितलं. पद: मुख्याध्यापक. पासून: एकतीस ऑगस्ट. पर्यंत: एकतीस ऑगस्ट. आणि खाली माझं वाक्य, माझ्याच शब्दांत: कालावधी रिकामा आहे.

सगळ्या नोंदी दुरुस्त करताना ती एक अट तशीच राहून गेली होती. दोन तारखा सारख्या असल्या की नोंद नाकारायची. निवडणुकीच्या सरांच्या वेळी लिपिकभाऊंनी मला हेच सांगितलं होतं, आणि मी त्यांना 'टाका तुम्ही' म्हटलं होतं. बाई उठून मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा वर करून स्क्रीन वाचला. मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. त्या एवढंच म्हणाल्या की रिकामा कसा, मी इथेच आहे.

मी पिशवीतून लॅपटॉप काढला, फोनच्या इंटरनेटवर जोडला आणि तिथेच बाकावर बसून ती अट काढून टाकली. वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा रेंज शोधण्यात. लिपिकभाऊंनी पुन्हा बटण दाबलं. नोंद झाली. एकूण कालावधी: एक दिवस. त्यांनी लगेच प्रिंट काढली, आणि प्रिंटर अडकला, तोही मीच बघून दिला.

पुढे घरी आल्यावर मी फॉर्मच बदलला. आता प्रत्येक तारखेपुढे दोन चौकोन आहेत, म.पू. आणि म.नं. आधीच खूण केलेला कुठलाच नाही. माणसाने स्वतः एक निवडल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. आमच्या धंद्यातले लोक म्हणतील, ही गैरसोय आहे, डिफॉल्ट हवाच. इतर ठिकाणी मीही ठेवते. पण ज्या टोकावर कोणाचा दिवस जातो किंवा येतो, तिथे आपण परस्पर धरून चालू नये, विचारावं, एवढं मला कळलंय. बाबांनी नवा फॉर्म बघितला आणि चौकोनांची अक्षरं जरा मोठी करायला सांगितली.

त्या दिवशी सोनपेठला लिपिकभाऊंनी आणखी एक गोष्ट करून ठेवली होती. आदेश निघणार याची कुणकुण लागल्यापासून त्यांनी मुलांची बोनाफाईड सहीला पाठवलीच नव्हती. प्रभारी सरांनी विचारलं तर शिक्क्याची शाई संपलीय म्हणायचे. सगळा गठ्ठा त्यांनी बाईंपुढे ठेवला. शिष्यवृत्तीचे अर्ज होते, एसटीच्या पासाचे होते, आणि एक शाळा सोडल्याचा दाखला होता, वडिलांना मानवतला काम लागल्यामुळे निघालेल्या मुलीचा. बाईंनी प्रत्येक कागद वाचून सही केली. घाई केली नाही. दाखल्यावर सही करून त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. मी खिडकीतून बाहेर बघत बसले, कारण माझेही आले होते.

जेवणाच्या सुट्टीनंतर पेंटर आला. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे भिंतीवर लाकडी फलक होता: नाव, पासून, पर्यंत. बाई असतानाच लिहून घ्यावं म्हणून लिपिकभाऊंनी त्याला बोलावलं होतं. त्याने स्टुलावर चढून पांढऱ्या रंगाने बाईंचं नाव लिहिलं, 'पासून'खाली तारीख लिहिली, आणि ब्रश हातात धरून थांबला. वरच्या सगळ्या ओळींत दोन तारखांमध्ये वर्षं होती. त्याला वाटलं, कागदावर चूक झालीय. त्याने खाली बघून विचारलं, बाई, इथं बी हीच तारीख लिहायची का, का रिकामं सोडू?

लिपिकभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे बघितलं.

"सोडू नका, दादा," बाई म्हणाल्या. "तीच लिहा. सकाळी आले ती एक, संध्याकाळी जाईन ती एक. मधला दिवस माझा आहे."

त्याने लिहिली. तासाची घंटा झाली तेव्हा रंग ओला होता. बाईंनी खडू घेतला आणि सातवीच्या वर्गावर गेल्या, गणिताचा तास त्यांचा होता.